शहाळं जरा थांबवा

बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र असल्यामुळे आपल्या संकेश्वर-निपाणी भागात भरतीसाठी पहाटे धावणारी पोरं गावोगाव दिसतात. सवय नसताना एकदम अंगमेहनत वाढवली, त्यात ऊन असलं, की कधी कधी स्नायूंच्या पेशीच फुटतात. मांड्या ठणकतात, सुजतात, लघवी काळ्या चहासारखी होते. पट्टीच्या तपासणीत लघवीत रक्त दिसतं, पण सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशी फारशा सापडत नाहीत. रंग स्नायूतल्या मायोग्लोबिनचा असतो. रक्तातलं सीके तपासलं की निदान पक्कं होतं. एरवी साधारण २०० च्या आत असणारा आकडा हजारांत जातो, कधी लाखातही.

पावसात भिंत अंगावर कोसळली तरी हेच होतं. १९४१ मध्ये लंडनच्या बॉम्बहल्ल्यात ढिगाऱ्याखाली चिरडलेल्यांची मूत्रपिंडं बंद पडल्याचं डॉ. बायवॉटर्स यांनी नोंदवलं.

उपचार म्हणजे मुख्यतः सलाइन, लवकर आणि भरपूर, लघवी मोजत मोजत. मूत्रपिंडं थकलीच तर डायलिसिस. खरा घात मात्र पोटॅशियम करतं. फुटलेल्या पेशींतून ते रक्तात येतं आणि हृदयाची लय बिघडते, म्हणून ईसीजी. अंगदुखीची गोळीही मनाने देऊ नये, मूत्रपिंडाला ती जड जाते. आणि आपण भेटायला जाताना काय नेतो? शहाळं! त्यात पोटॅशियम भरपूर. डॉक्टर हो म्हणेपर्यंत ते पिशवीतच राहू द्या.