बहुमत आणि धर्मसत्य

‘जगात सुमारे २३० कोटी लोक ख्रिस्ती आहेत. इतकी माणसे इतक्या पिढ्या जे मानीत आली, ते खोटे कसे असेल?’ हा प्रश्न आम्हांस नवा नाही. कधी तो धर्मप्रसारकाच्या तोंडून येतो, तर कधी कॉलेजातून घरी परतलेल्या आपल्याच मुलाच्या तोंडून. ऐकणारा गृहस्थ बहुधा गप्प बसतो. उत्तर नसते म्हणून तो गप्प बसतो असे नव्हे. संख्येचा दरारा त्याची वाचा बंद करतो. या दराऱ्याची एकदा नीट तपासणी व्हावी, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट करणे अवश्य आहे. येशूच्या उपदेशाची थोरवी कमी लेखण्याचा आमचा हेतू नाही, आणि ज्या ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या सुखदुःखात आम्ही पिढ्यान्‌पिढ्या सामील होत आलो, त्यांच्या भक्तीविषयी आमच्या मनात आदरच आहे. आमचा वाद श्रद्धेशी नाही. तिच्या समर्थनार्थ पुढे करण्यात येणाऱ्या एका प्रमाणाशी आहे. बहुसंख्येचे हे प्रमाण आम्हांस मान्य नाही, ही गोष्ट गौण आहे. ते खुद्द ख्रिस्ती धर्माच्या ग्रंथास आणि इतिहासास मान्य नाही, हे आमचे मुख्य म्हणणे आहे.

प्रथम त्या ग्रंथाचीच साक्ष घेऊ. नाशाकडे नेणारा मार्ग रुंद असून त्यावरून जाणारे पुष्कळ, जीवनाकडे नेणारा मार्ग अरुंद असून तो सापडणारे थोडे, असे येशूने आपल्या शिष्यांस शिकविल्याचे मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे. कर्मेल डोंगरावर बआल दैवताचे ४५० संदेष्टे एकीकडे व एलीया एकटा दुसरीकडे, अशी कथा जुन्या करारात आहे. आणि ती कथा सांगणाराचा कौल एकट्याच्या बाजूस आहे. येशूच्या चरित्रात तर लोकमत उघडपणे विचारले गेल्याचा एक प्रसंगच आहे. पिलात सुभेदाराने जमावास विचारले, ‘कोणास सोडू?’ जमावाने बरब्बास मागून घेतला आणि येशूस वधस्तंभावर पाठविले. ज्या धर्माच्या केंद्रस्थानी बहुमताने केलेला हा अन्याय उभा आहे, त्या धर्माच्या कैवाऱ्यांनी बहुमताची थोरवी आम्हांस सांगावी, हे नवल नव्हे काय?

आता इतिहास पाहू. ३२५ साली रोमन सम्राट कॉन्स्टंटाइन याने नायसिया येथे बिशपांची परिषद भरविली. २०२५ साली तिला १७०० वर्षे झाली. पुत्र हा पित्याने निर्माण केलेला आहे, असे आरियस या अलेक्झांड्रियाच्या पाद्र्याचे मत होते. पुत्र व पिता एकतत्त्व आहेत, असा निर्णय परिषदेने दिला. जमलेल्या सुमारे तीनशे बिशपांपैकी अखेरपर्यंत सही नाकारणारे अवघे दोन निघाले. बहुमताच्या कैवाऱ्यांस हा दाखला फार प्रिय आहे. परंतु ते पोथी येथेच मिटतात. पुढचे पान उलटीत नाहीत.

पुढच्या पानावर काय आहे? ३५९ साली सम्राट कॉन्स्टँटियस याने पश्चिमेच्या बिशपांची परिषद इटलीत अरिमिनम येथे व पूर्वेच्या बिशपांची सेल्युसिया येथे भरविली. एकट्या अरिमिनममध्ये चारशेहून अधिक बिशप जमले, म्हणजे नायसियाहून अधिक. त्यांच्यापैकी बहुतेकांचा कल आरंभी नायसियाच्या बाजूस होता. तथापि सम्राटाच्या अधिकाऱ्यांनी त्यांस अडकवून ठेवले, आणि अखेरीस ‘एकतत्त्व’ हा शब्द गाळून ‘पुत्र पित्यासारखा’ एवढेच म्हणणाऱ्या मसुद्यावर त्यांच्या सह्या झाल्या. पूर्वेच्या प्रतिनिधींचीही तीच गत झाली. नायसियाचा कैवारी अथनेशियस त्या वेळी इजिप्तच्या वाळवंटात लपून राहिला होता. या बिशपाने आयुष्यात पाच वेळा हद्दपारी भोगली. ३६० साली सह्या मोजल्या असत्या, तर अथनेशियस पाखंडी ठरला असता. आज ख्रिस्ती जग त्यास संत म्हणते. ३८१ साली कॉन्स्टँटिनोपल येथे नायसियाचे मत पुन्हा स्थिर झाले. पण त्याच्या आदल्याच वर्षी सम्राट थिओडोसियस याने त्या मताच्या बाजूने राजाज्ञा काढली होती, हे विसरून चालणार नाही. अर्थात, बहुमत एकदा इकडे, एकदा तिकडे झुकले. आणि प्रत्येक वेळी त्याच्या पाठीमागे सिंहासन उभे होते. पुत्राचे स्वरूप जर सह्यांवर ठरत असेल, तर ते पन्नास-साठ वर्षांत तीनदा पालटले असे म्हणावे लागेल. कोणताही ख्रिस्ती पंडित हे म्हणणार नाही.

दुसरे उदाहरण याहूनही बोलके आहे. ४४९ साली इफिसस येथे सुमारे १३० बिशपांनी कॉन्स्टँटिनोपलचा बिशप फ्लेवियन यास पदच्युत केले. ४५० साली सम्राट मरण पावला, नवा सम्राट आला, आणि ४५१ साली कॅल्सिडन येथील परिषदेने तो निर्णय साफ फिरविला. दोन्ही सभांत बसलेले बिशप थोडेथोडके नव्हते. इफिससला कोऱ्या कागदांवर आमच्या सह्या घेतल्या, अशी तक्रार त्यांपैकी काहींनी कॅल्सिडनला केली. तीच माणसे, तोच प्रश्न, दोन वर्षांचे अंतर आणि दोन विरुद्ध कौल! पुढे कॅल्सिडनचा निर्णय नाकारणारे कॉप्टिक, आर्मेनियन व सिरियन ख्रिस्ती शतकानुशतके पाखंडी म्हणून हिणविले गेले. १९७३ साली रोमचे पोप सहावे पॉल व कॉप्टिक पोप तिसरे शेनूदा यांनी ख्रिस्तस्वरूपाविषयीची आपली समान श्रद्धा संयुक्त घोषणेने प्रकट केली. अल्पसंख्यांच्या पदरात एवढे पडावयास पंधराशे वर्षे लागली.

हे सारे दूरदेशीचे झाले असे कोणी म्हणेल, म्हणून गोव्याशी निगडित असलेले एक उदाहरण देतो. गोव्याचा आर्चबिशप आलेइशो द मेनेझिश याने १५९९ साली केरळात कोचीजवळ उदयंपेरूर येथे धर्मसभा बोलाविली. तेथील ख्रिस्ती समाज आपली परंपरा संत थॉमसपासून सांगणारा, सिरियन भाषेत उपासना करणारा आणि पोर्तुगीज येण्यापूर्वी कित्येक शतके या देशात नांदणारा. दीडशेहून अधिक पाद्री व सहाशेहून अधिक गृहस्थ प्रतिनिधी त्या सभेस होते, आणि ठराव संमत झाले. त्या ठरावांन्वये जुन्या सिरियन पोथ्या दुरुस्त तरी करावयाच्या किंवा जाळावयाच्या, असे ठरले. बहुमत होते, सह्या होत्या. पण मने होती काय? १६५३ साली मट्टांचेरी येथे त्याच समाजाने क्रुसास दोर बांधून, तो हाती धरून, जेझुइटांची सत्ता न मानण्याची शपथ घेतली. हेच त्या प्रश्नाचे उत्तर होय.

येथे ख्रिस्ती विद्वानांचा एक आक्षेप संभवतो, आणि तो प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. ते म्हणतील, ‘आम्ही डोकी मोजीत नाही. सर्व श्रद्धावंतांची एकमुखी जाणीव चुकत नाही, एवढेच आमचे म्हणणे.’ दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली या अर्थाचा सिद्धान्त मांडला आहे, हे खरे. परंतु ही जाणीव म्हणजे बहुसंख्यांचे मत नव्हे, असा खुलासा २०१४ साली व्हॅटिकनच्याच धर्मशास्त्र आयोगाने केला आहे. मग प्रश्न मिटला! रोमच्या विद्वानांनी जे प्रमाण स्वतः बाजूस ठेवले, ते आमच्या दारी येणाऱ्याने खांद्यावर घेऊन का यावे? शिवाय हे २३० कोटी लोक एकमुखी कोठे आहेत? त्यांतील निम्म्याच्या आसपास रोमन कॅथलिक. पोपचा अधिकार त्यांस मान्य, ऑर्थोडॉक्स व प्रॉटेस्टंट यांस अमान्य. डोकी मोजूनच सत्य ठरत असेल, तर प्रॉटेस्टंट प्रचारकाने आमच्याकडे येण्याआधी रोमकडे जावे.

आमच्या दर्शनकारांनी ज्ञानाची साधने फार बारकाईने तपासली. कोणी प्रत्यक्ष तेवढेच प्रमाण मानले; कोणी अनुमान व शब्द यांची जोड देऊन तीन मानली; कोणी चार, कोणी सहा. पण बहुमत हे प्रमाण एकाही दर्शनाने मानले नाही. सत्यासत्याच्या निवाड्यास तुकोबांनी आपल्या मनाची साक्ष पुरेशी मानली, चारचौघांच्या मताची नव्हे, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. बहुमताला त्याचे स्थान आहे. देवस्थानच्या महाजनांनी समिती निवडावी, जमाखर्च मंजूर करावा, पालखीची वेळ ठरवावी. हे बहुमताचेच काम. परंतु गाभाऱ्यात देव आहे की नाही, हा प्रश्न सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर कोणी घालीत नाही.

आणि आता स्वकीयांस दोन शब्द. सोळाव्या-सतराव्या शतकांत तिसवाडी, बारदेश व साष्टी या प्रांतांत राजसत्तेच्या छत्राखाली धर्मांतरे झाली आणि तेथील बहुसंख्य प्रजा ख्रिस्ती झाली. श्रीमंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळास आणि श्रीशांतादुर्गा केळशीहून कवळ्यास आली, ती तेव्हा पोर्तुगीज सत्तेबाहेर असलेल्या अंत्रुजात. मूर्ती घेऊन निघालेल्या त्या थोड्या माणसांनी मागे राहिलेल्यांची संख्या मोजली असती, तर आज ही देवालये नसती. पुढे काळ पालटला. २०११ च्या जनगणनेत गोव्यातील हिंदूंचे प्रमाण ६६ टक्के व ख्रिस्ती बांधवांचे २५ टक्के भरले. तेव्हापासून आमच्यातही एक भाषा ऐकू येते: ‘आम्ही बहुसंख्य, म्हणून आमचेच खरे.’ ही भाषा बोलणाराने एवढे ध्यानात घ्यावे की, आजच्या आकड्याने आपण खरे ठरत असू, तर साष्टीच्या त्या वेळच्या आकड्याने आपले पूर्वज खोटे ठरतात. दोन्ही गोष्टी एकदम पत्करता येणार नाहीत.

संख्येवरून कोणाचे राज्य होते, कोणाची गलबते दूर गेली, कोणाची शाळा आधी निघाली हे कळते. देव कसा आहे हे कळत नाही. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज पाद्र्याचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली राशोल येथे छापले गेले. त्याचा सिद्धान्त आम्हांस मान्य नाही. तरीही मराठी वाचक त्याचे नाव आदराने घेतो. कारण त्याने आमची भाषा आत्मसात केली, सुमारे अकरा हजार ओव्या रचल्या आणि वाचकाच्या बुद्धीस व हृदयास आवाहन केले. धर्माची चर्चा करावयाची तर ती अशी. तेव्हा तो जुना प्रश्न पुन्हा घरात आला, तर आमच्या वाचकाने गप्प बसू नये आणि संतापूही नये. ‘किती लोक मानतात ते कळले, ते का मानतात ते सांगा,’ एवढेच विचारावे, समोरच्याचे उत्तर शांतपणे ऐकावे, आणि तोच प्रश्न मुलाने आपल्या देवाविषयी विचारला, तर त्याचेही उत्तर देण्याची तयारी ठेवावी.