उद्योग ही एका शाखेची मिरास नव्हे

उद्योजकतेचे शिक्षण विद्यापीठातील सर्व शाखांच्या विद्यार्थ्यांना द्यावे, असा विचार निघाला की दोन आक्षेप ठरलेले. वाङ्मयाचे उपासक म्हणतात, ‘सरस्वतीच्या मंदिरात तराजू कशाला?’ वाणिज्याचे कैवारी म्हणतात, ‘हा आमचा प्रांत, इतरांनी लुडबूड करू नये.’ आमच्या मते दोघांनाही इतिहासाचा विसर पडला आहे.

बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे १८६९ मध्ये जन्मलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले ते चित्रकला शिकण्यासाठी. रंगांधळेपणामुळे कुंचला सुटला, पण यंत्रांचे रेखाटन हाती राहिले. त्यांनी बेळगावात सायकलींचे दुकान चालविले, लोखंडी नांगर घडविला आणि १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसविली. लोखंडाने जमीन नासते असे मानणाऱ्या शेतकऱ्याच्या गळी तो नांगर उतरविणे, हे नांगर घडविण्याहून सोपे नव्हते.

दादासाहेब फाळकेही जे. जे. आणि बडोद्याचे कलाभवन येथे शिकलेले. भांडवल उभे करण्यासाठी त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ चित्रित करून दाखविली, विम्याची पॉलिसी गहाण टाकली आणि १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला. पुढे मात्र भागीदारांशी त्यांचे पटले नाही, आणि १९४४ मध्ये नाशिक येथे ते उपेक्षेतच निवर्तले. थोर कलावंताचीही करारपत्रातून आणि हिशेबाच्या वहीतून सुटका नसते, हे यावरून शिकावे.

तथापि आमचे खरे भांडण पाठ्यपुस्तकाशी आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शाखाशाखांमधील भिंती पाडण्याचे तत्त्व स्वीकारले. पण त्याच विटांनी परीक्षेची आणखी एक खोली बांधली, तर काय साधले? ‘उद्योजकाचे पाच गुण सांगा’ याचे अचूक उत्तर लिहिणारा विद्यार्थी एकाही गिऱ्हाइकापुढे उभा राहिलेला नसेल, तर त्याने पाठांतर केले, विद्या मिळविली नाही. मराठीच्या किंवा कोंकणीच्या विद्यार्थ्याने एक पुस्तिका छापून घ्यावी. कागदाचा भाव, मुद्रणाची मजुरी, विक्रेत्याचे कमिशन यांचा मेळ घालावा आणि प्रती दारोदार जाऊन स्वतः विकाव्यात. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याने आपला साबण बाजारात न्यावा. तोटा आला म्हणून गुण कापू नयेत. तो का आला हे प्रामाणिकपणे मांडणाऱ्यास गुण द्यावेत.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आम्हा मंडळींना तर ही निकड अधिकच आहे. बेळगाव, इंदूर, बडोदे येथे मराठीला राज्यकारभाराचा टेकू नाही. येथील नियतकालिक जन्मते चांगल्या लेखांवर, पण जगते वर्गणीदारांच्या यादीवर. नाट्यसंस्था जगते तिकिटांच्या खपावर. भाषेवर प्रेम करणारे पदवीधर आम्ही पुष्कळ घडविले. त्या प्रेमाचा जमाखर्च सांभाळू शकणारे पदवीधर घडविणे विद्यापीठांनी आता टाळू नये.