अमानतीचे कुलूप
आमच्या जमातीच्या वेबसाइटवर फोटो अपलोड होईनात, म्हणून एका मुलाने सगळ्याच फोल्डरांना ७७७ परवानगी दिली. फोटो चढले, दार मात्र सताड उघडे राहिले. आत जकात घेणाऱ्या घरांची यादी होती!

हिशेब सोपा आहे. वाचणे ४, लिहिणे २, चालवणे १. पहिला आकडा मालकाचा, दुसरा गटाचा, तिसरा बाकी सर्वांचा. ७७७ म्हणजे सर्वांना सगळी मुभा. फोल्डरला ७५५, फाइलला ६४४ पुरते. साइट मालकाच्याच नावाने चालत असेल तर पासवर्डच्या फाइलला ६००. अपलोड अडले तर आधी फाइलचा मालक कोण ते पाहा, परवानगी वाढवू नका.

आणि अशी यादी वेबसाइटच्या फोल्डरात ठेवूच नका. गरजूची अब्रू ही आपल्याकडची अमानत आहे.