पोह्यांवर काय हवं?

बालमित्रांनो, दिवाळीच्या सुट्टीत मामे, आत्ये, मावस अशी सगळी भावंडं एका घरात जमली, की भांडण कशावरून पेटेल याचा नेम नसतो. पण एक भांडण अगदी हमखास होतं. पोह्यांच्या ताटल्या पुढे आल्या, की नागपूरचा भाऊ विचारतो, "तर्री कुठाय?" पुण्याची बहीण शेवेचा डबा शोधत स्वयंपाकघरात शिरते. आणि वेंगुर्ल्याची आजी दोघांच्याही ताटलीवर मूठ मूठ ओलं खोबरं भुरभुरते नि म्हणते, "खावा रे मेल्यांनो! ह्येका म्हणतत फोव!"

आजीचा हा तोरा उगीच नाही बरं का. वेंगुर्ले, मालवण, सावंतवाडी या भागात दिवाळी म्हणजेच पोहे. नरकचतुर्दशीला इथे 'चावदिवस' म्हणतात. पहाटे अभ्यंगस्नान झालं, की तुळशीपुढे डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडायचं, त्याची कडू चव जिभेला लावायची (तोंड कसं होतं ते विचारूच नका!) आणि मग पोह्यांवर ताव मारायचा. तेही एका प्रकारचे नाहीत. गूळ-खोबऱ्याचे गोडे पोहे, तिखट पोहे, दुधातले, दह्या-ताकातले, बटाट्याचे, आणि जोडीला काळ्या वाटाण्याची उसळ. शेजारीपाजारी "फोव खावक येवा" म्हणून बोलावणी होतात. चार घरं फिरून आलेल्याला दुपारी जेवण जात नाही!

पोहेच का? कारण कोकणातलं भात दिवाळीच्या सुमारास कापून घरात आलेलं असतं. नव्या भाताचा पहिला मान पोह्यांना. पूर्वी घरोघरी भात भिजवत, तापलेल्या भांड्यात भाजत आणि गरम असतानाच उखळात मुसळाने कांडत. दाणा चपटा होई, तूस निघून जाई. या भाजण्या-भिजवण्यात तो अर्धाअधिक शिजलेलाच असतो. म्हणून तर पोहे नुसते भिजवले तरी खाता येतात.

आता खरी गंमत ऐका. फोडणीचे पोहे गरम असतात तोवर मऊ. जरा निवले की कोरडे पडतात, घशात तोठरा बसतो, पाणी प्यावं लागतं. पोहे खाणाऱ्या प्रत्येक गावापुढे हीच अडचण होती, आणि जो तो आपल्या परसात नाहीतर बाजारात जे मिळेल ते घेऊन ती सोडवत गेला.

वेंगुर्ल्यात दाराशी माड. तेव्हा ओलं खोबरं! त्याचा रस पोह्यांना ओलावा देतो. दडपे पोहे तर सगळे या युक्तीवरच चालतात. पातळ पोहे भिजवायचेच नाहीत, नाहीतर लगदा होतो. त्यात खोवलेला नारळ, चिरलेला कांदा घालायचा, हवं तर नारळाचं पाणी शिंपडायचं आणि झाकण ठेवून दडपायचं. थोड्या वेळाने पोहे आपोआप मऊ. चूल लागते ती फक्त वरच्या फोडणीपुरती.

नागपूरला दारात माड कुठून येणार? तिथे हरभरा. म्हणून पोह्यांवर हरभऱ्याचा झणझणीत पातळ रस्सा, म्हणजेच तर्री. डोळ्यांत पाणी येतं, पण तोठरा बसण्याची बिशाद नाही! इंदूरची तऱ्हा आणखी वेगळी. अठराव्या शतकात माळव्यात होळकरांचं राज्य आलं, तेव्हापासून मराठी कुटुंबं तिथे नांदताहेत, आणि पोहे त्यांच्याबरोबरच आले असं खुद्द इंदूरकर सांगतात. तिथे पोहे वाफेवर ठेवून मऊ राखतात. फोडणीत बडीशेप, वर शेव, जिरावण मसाला, डाळिंबाचे दाणे आणि शेजारी जिलबी! पुण्याच्या शेवेने ओलावा येत नाही हे खरं, पण कुरकुरीतपणा येतो, आणि लिंबाची फोड असतेच. सणाच्या नैवेद्याला कांदा चालत नाही, म्हणून त्या दिवशी कांद्याऐवजी बटाटा. बघा, प्रत्येक चिमटीमागे काही ना काही कारण आहे.

ही भांडणं आपल्याकडेच होतात असं समजू नका. अमेरिकेत हॉट डॉग नावाचा पदार्थ आहे. लांबट पावात सॉसेज घालतात, म्हणजे मसालेदार खिम्याची उकडलेली किंवा भाजलेली नळी. त्यावर शिकागो शहरात मोहरीची पिवळी चटणी, कांदा, टोमॅटोच्या फोडी, काकडीचं लोणचं, मिरच्या असा ढीग रचतात, पण टोमॅटो केचप? शिव शिव! तिकडे हॉट डॉग बनवणाऱ्यांच्या संस्थेने खाण्याच्या शिष्टाचाराची यादीच काढली आहे. तिच्यात म्हटलंय की वयाच्या 18 वर्षांनंतर हॉट डॉगवर केचप घेऊ नये. म्हणजे तुम्हा मंडळींना अजून सवलत आहे!

अशा गमतीच्या भांडणाने कोणाचं पोट दुखत नाही. पण शाळेत मधल्या सुट्टीत काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. वडिलांची बदली झाल्यामुळे एखादी मुलगी नवीन गावी येते, डबा उघडते आणि कोणीतरी ओरडतं, "ई, पोह्यांवर खोबरं!" सगळा वर्ग हसतो. दुसऱ्या दिवसापासून ती आईला सांगते, मला पोहे नकोत, बिस्किटं दे. आईला वाटतं, पोरीला पोह्यांचा कंटाळा आला. आईबाबांनो, डबा न खाता परत आला तर एकदा विचारून बघा हं.

आणि 'ई' म्हणणाऱ्याच्या डब्यात तरी काय असतं? त्याच्या पोह्यांतली मिरची, शेंगदाणे, बटाटा हे तिन्ही मूळचे अमेरिका खंडातले. पोर्तुगीज जहाजं इकडे येऊ लागली त्यानंतर ते आपल्याला मिळाले. आमची वेंगुर्ल्याची आजीही यातून सुटत नाही! ज्या काजूसाठी वेंगुर्लं प्रसिद्ध आहे, जिथल्या फळ संशोधन केंद्राने काजूच्या नव्या जाती काढल्या आणि त्यांना 'वेंगुर्ला' हेच नाव दिलं, तो काजू मूळचा ब्राझीलचा. तोही पोर्तुगीजांनीच आणला. पण आज ओल्या काजूगरांची उसळ परकी आहे असं वेंगुर्ल्यात म्हणून तर बघा!

सुदाम्याने पुरचुंडीत बांधून द्वारकेला नेलेल्या पोह्यांवर यातलं काहीच नव्हतं. मिरची नाही, शेंगदाणे नाहीत, बटाटा तर नाहीच. कृष्णाने ते कोरडेच खाल्ले. तोठरा बसला की नाही, ते पुराणात सांगितलेलं नाही.

तुमच्या घरी पोह्यांवर काय घालतात, ते आजीला विचारून आम्हाला पत्राने जरूर कळवा. पोह्यांवर केचप घेणाऱ्यांनीही लिहायला हरकत नाही. मात्र वयाचा दाखला जोडा!