पांढऱ्याचा हट्ट

दिवाळीच्या ऑर्डरी सुरू झाल्या की एकच मागणी कानावर येते: बोन चायनासारखं पांढरंशुभ्र द्या. गिऱ्हाइकाने मागावं, त्याचा तो हक्क. पण भद्रावतीच्या मातीवर हात बसलेला कारागीरही पांढऱ्या कपबशीपुढे मान खाली घालतो, हे पटत नाही.

कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी १९५०च्या दशकात भद्रावतीत ग्रामोदय संघ उभा केला तो इथल्या मातीच्या आणि कुंभारांच्या भरवशावर. चंद्रपूरच्या कोळशाच्या पट्ट्यात फायरक्ले निघते. लोहाचा अंश असलेली अशी माती भाजली की बदामी, तपकिरी होते. बोन चायनाचं गणितच वेगळं. त्यात निम्मी जवळपास हाडांची राख, बाकी चिनी माती आणि फेल्डस्पारसारखे दगड. साधारण १२५० अंशांच्या पहिल्या भाजणीतच भांडं इतकं मऊ पडतं की प्रत्येक ताटाला आधार द्यावा लागतो. मातीतलं लोह टक्क्याच्या पुढे गेलं की शुभ्रपणा संपला. मग आपण काय करतो? इथल्याच मातीवर जाड पांढरं ग्लेझ चढवतो. सहा महिन्यांत काठाचा टवका उडतो आणि आतला तपकिरी रंग चारचौघांत उघडा पडतो.

चीनमधल्या ज्यानयांगच्या कुंभारांनी सोंग काळात लोहानेच काळे झालेले चहाचे वाडगे केले. जपानी चहाप्रेमींनी ते जिवापाड जपले. यीशिंगच्या चहाच्या किटल्यांना तर ग्लेझही नसतं. या दोन्ही ठिकाणी पांढऱ्याची उणीव कुणाला भासली नाही.

उंची भांडं ओळखावं ते बुडावरून. कप उलटा करा, ग्लेझ नसलेल्या कड्यावर लाल शाईचा थेंब टाका, थोड्या वेळाने धुवा. डाग पसरून बसला तर माती पुरती भाजलेली नाही. असं भांडं रोजच्या धुण्यात पाणी पिणार आणि ग्लेझला बारीक तडे जाणार. स्टोनवेअर म्हणून विकायचं तर पाणी शोषण दोन-तीन टक्क्यांच्या आत हवं. शिसं-कॅडमियमची चाचणीही करून घ्या. चार टक्के अ‍ॅसेटिक आम्लात चोवीस तास ठेवून ती करतात, आणि आपल्याकडे ताटात चिंचेची आमटी असते हे विसरू नका.

आपल्याकडचा मे महिना हा आणखी एक वैरी. पारा पंचेचाळीसच्या वर असतो तेव्हा ताटाचा काठ आधी सुकतो, मधला भाग ओला राहतो आणि ताट वाकतं. काठावर प्लॅस्टिक झाकून मधला भाग उघडा ठेवायचा, एवढाच उपाय. गडचिरोलीकडच्या जुन्या कुंभारांना सावलीत सुकवण्याचं महत्त्व कुणी शिकवावं लागत नाही. कार्यशाळांमधून आलेल्या मुलांनाच ते पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

तेव्हा बदामी रंग लपवू नका. त्यावर पारदर्शक किंवा राखेचं ग्लेझ द्या, काठ पातळ करा, वजन उतरवा आणि किंमत न लाजता सांगा. आमच्याकडूनही एक बदल: पुढच्या अंकापासून छापण्यासाठी भांड्याचा फोटो पाठवाल, तेव्हा त्याच्या बुडाचाही पाठवा. नसेल तर फोटो छापला जाणार नाही.