निनावी मर्यादापुरुष

मर्यादा पाळणं आता माझ्या रक्तातच आहे. बी.कॉम. होऊन वीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला दुसरं काय पाळता येणार? कुत्रं पाळायला सोसायटीची परवानगी नाही. बँकेत प्रत्येकाची 'पासिंग पॉवर' ठरलेली असते. चेक माझ्या अधिकाराबाहेरचा असला, तर "रक्कम फार मोठी आहे हो" एवढंच सांगून मी गिऱ्हाइकाला वाटेला लावत नाही. "आत साहेबांची सही घ्या" म्हणतो. साहेब जागेवर नसतात हा भाग वेगळा. पण कोणापाशी अडलंय ते तरी कळतं!

लिनक्स सर्व्हरला एवढीही रीत नाही, अशी माझी जाहीर तक्रार आहे. आमच्या पतपेढीचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर उतरताना मध्येच थांबला. सभासदांच्या घामाच्या ठेवींचा हिशेब तो. आणि अर्धा बॅकअप म्हणजे अर्धी छत्री. डिस्कवर जागा म्हणाल तर क्रिकेट खेळावं इतकी. पडद्यावर मात्र तीनच शब्द : 'फाइल टू लार्ज'. अहो, मोठी आहे हे आम्हांलाही दिसतंय. पण कोणाला मोठी?

कारण अडवणारी टेबलं अनेक. पहिलं जुन्या ३२ बिटी प्रोग्रामचं. त्याच्या वहीत आकड्याला बत्तीस घरं, त्यातलं एक अधिक-उणे चिन्हाला. उरलेल्या घरांत मावतात २,१४,७४,८३,६४७ बाइट, म्हणजे २ जीबीला एक कमी. १९९६ साली कंपन्यांनी एकत्र बसून ६४ बिटी तोडगा काढला. जानेवारी २००१ मध्ये आलेल्या लिनक्स २.४ ने तो पत्करला. तरी काही जुने प्रोग्राम, मुदतवाढ मिळालेल्या हेडक्लार्कसारखे, खुर्ची सोडत नाहीत.

दुसरं टेबल डिस्कच्या मांडणीचं. फॅट३२ असेल तर ४,२९,४९,६७,२९५ बाइटला मुक्काम. आमची फाइल नेमकी इथंच अडली होती. ईएक्सटी४ मात्र ४ केबीच्या ठोकळ्यांवर १६ टीबीची फाइलही हूं की चूं न करता घेते.

तिसरं टेबल 'युलिमिट -एफ'चं. बॅशमध्ये त्याचा आकडा १०२४ बाइटच्या पटीत वाचायचा. शिवाय तुम्ही लॉगिन करून पाहता ती तुमची मर्यादा. सिस्टिमडी रात्री ज्या सेवेला कामाला लावतं, तिची मर्यादा सेवेच्या स्वतःच्या फायलीत वेगळी लिहिलेली असू शकते.

म्हणून माझा सल्ला : आधी फाइल किती बाइटवर थांबली ते बघा. थांबलेला आकडाच आरोपीचं नाव सांगतो.

यावर आमचा कॉम्प्युटरवाला म्हणतो, "काका, सगळीकडे अनलिमिटेड लिहून टाकू!" बाबा रे, हा तर बिनतारणाचा ओव्हरड्राफ्ट! एखादी बिघडलेली लॉग फाइल रात्रीत अख्खी डिस्क गिळेल आणि सकाळी पासबुकात एक ओळ उतरायलाही जागा उरणार नाही. शिवाय फॅट३२ तुमच्या 'अनलिमिटेड'ला भीक घालत नाही; तिथं डिस्कची मांडणीच बदलावी लागते.

मर्यादा हवीच. पण नकार देणाऱ्यानं आपलं नाव आणि आकडा सांगावा, एवढंच मागणं. तीन शब्दांच्या जागी सहा छापायला फार तर चार-दोन डझन बाइट जास्त लागतील. तेवढ्यानं काही मर्यादा ओलांडली जात नाही.