घोड्याची उसनी इम्युनिटी

मागच्या महिन्यात आमच्या गँगचा ताडोब्याचा प्लॅन ठरला आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर यादी सुरू झाली. कॅमेरा, दुर्बीण, सनस्क्रीन, मातकट रंगाचे टी-शर्ट. वाघाबद्दल शंभर मेसेज. सापाबद्दल एकच, तोही फुशारकीचा: ‘टेन्शन नाय यार! मी रोज आवळा ज्यूस पितो. इम्युनिटी एकदम स्ट्राँग!’

आम्ही स्मायली टाकले नि विसरलो. पण चंद्रपूर-गडचिरोलीत रोवणीच्या दिवसांत बांधीतल्या चिखलात उतरणाऱ्याला किंवा रात्री जमिनीवर अंथरूण टाकणाऱ्याला असं विसरून चालत नाही. म्हणून म्हटलं, या वेळी इम्युनिटीचंच बोलू या.

तर मंडळी, आपल्या रक्तात बी पेशींची एक टीम असते. (हा ‘बी’ आला कोंबडीच्या ‘बर्सा’ या अवयवावरून. या पेशींचा पत्ता आधी तिथे लागला.) प्रत्येक पेशी एकाच आकाराचा शत्रू ओळखते. तो दिसला की ती झपाट्याने वाढते आणि अँटिबॉडी बनवायला लागते. अँटिबॉडी शत्रूला चिकटतात आणि त्याला निकामी करतात. काही पेशी आठवण म्हणून मागे राहतात. लसीचं सगळं गणित या आठवणीवर चालतं.

मग प्रॉब्लेम काय? वेळ! पहिल्यांदा गाठ पडली की पुरेशा अँटिबॉडी तयार व्हायला आठवडा-दोन आठवडे जातात. मण्यारीचं विष काही तासांत श्वासाचे स्नायू लुळे पाडू शकतं, घोणशीचं रक्त गोठण्याची यंत्रणाच बिघडवतं. डेडलाइन आज संध्याकाळची आणि टीम म्हणते, पुढच्या आठवड्यात देतो!

अशा वेळी आपण ऑफिसात जे करतो तेच इथे करतात. आउटसोर्सिंग! घोड्याला विषाचे छोटे छोटे डोस हळूहळू वाढवत देतात. घोडा ते सोसतो आणि त्याच्या बी पेशी तयार होतात. मग त्याचं थोडं रक्त घेऊन अँटिबॉडी वेगळ्या काढतात, शुद्ध करतात आणि वाळवून पावडर करतात. मुंबईच्या हाफकिनचं नाव या कामात जुनं. आपल्याकडची लस चार सापांवर चालते: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. आयडिया तशी जुनीच. घटसर्पावर अशाच उसन्या अँटिबॉडी वापरल्याबद्दल बेरिंगला 1901 मध्ये नोबेल मिळालं.

आता थोडा हिशेब. 10 मिलिलिटरची एक कुपी घोणशीचं साधारण 6 मिलिग्रॅम विष निकामी करते. घोणस एका दंशात सरासरी 60 मिलिग्रॅमच्या आसपास विष सोडते. म्हणून सुरुवातच 8-10 कुप्यांनी होते. लहान मुलालाही डोस तेवढाच, कारण मूल लहान आहे म्हणून साप विष कमी सोडत नाही!

पण उसनं ते उसनंच. या अँटिबॉडी काही दिवसांत शरीरातून निघून जातात आणि आठवणही ठेवत नाहीत. पुन्हा साप चावला तर पुन्हा कुप्या. शिवाय त्या रक्तात फिरणारं विष पकडतात, आधीच झालेलं नुकसान भरून काढत नाहीत. घोड्याच्या प्रथिनाची रिअ‍ॅक्शनही येऊ शकते, म्हणून हे काम हॉस्पिटलमध्येच.

आणि हॉस्पिटल गाठणं हीच तर खरी परीक्षा. पावसाळ्यात पर्लकोटा नदी पुलावर चढली की भामरागडचा रस्ता बंद. 1973 पासून तिथे हेमलकशात लोकबिरादरी प्रकल्प उभा आहे, त्याचं मोल अशा वेळी कळतं. 2020 च्या एका अभ्यासानुसार 2000 ते 2019 या काळात देशात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसं गेली. बहुतेक खेड्यांतली. केंद्राने 2024 मध्ये आराखडा आणला: 2030 पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचे.

आमच्या यादीत आता दोन ओळी वाढल्यात. एक, सापाची लस असलेलं जवळचं हॉस्पिटल कुठलं, हे पोचल्या पोचल्या विचारायचं. दोन, साप चावलाच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, घट्ट बांधायचं नाही. पाय किंवा हात हलू न देता 108 ला फोन करायचा, किंवा मिळेल त्या गाडीने निघायचं.

आवळा ज्यूसवालाही येतोय. त्याला टॉर्च आणि बूट आणायला सांगितलंय!